मी सबालेंकाला ऐकलंय

मुंबईत पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाने सचिनला शिवाजी पार्कवर पाहिलेलं असतं. नुसतं पाहिलेलं नसतं, 'हा पोरगा लांब जाणार' असं तिथल्या तिथे कुणाला तरी सांगितलेलंही असतं. एवढी माणसं खरंच तिथे उभी असती, तर बिचाऱ्याला ड्राइव्ह मारायला गॅप मिळाली नसती. मला या लोकांचा मनस्वी राग येतो, कारण मीही जगातल्या एका पहिल्या नंबरच्या खेळाडूला ती फारशी कुणाला माहीत नसताना पाहिलंय. तेही चर्चगेटला, फुकट पासावर. फक्त त्या वेळी मी जे बोललो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आता छापूनच येतंय, तर येऊ दे.

नोव्हेंबर 2017. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, म्हणजे सीसीआयमध्ये, मुंबई ओपन ही महिलांची टेनिस स्पर्धा भरली होती. त्याआधी 2012 मध्ये पुण्याला बालेवाडीत याच दर्जाची एक स्पर्धा झाली होती. ती अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने जिंकली, आणि अंतिम सामन्यात तिच्यासमोर होती बेचाळीस वर्षांची किमिको दाते. त्या आठवड्यात मी पुण्यातच होतो, बाणेरला, एका बारशाला. बालेवाडी तिथून रिक्षाच्या अंतरावर. मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी घुगऱ्या सोडून गेलो असतो असं वाटत नाही.

तर मुंबई ओपन. दर्जा डब्ल्यूटीए 125. ग्रँड स्लॅम, मग मोठमोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या स्पर्धा, आणि त्यांच्या खाली हा 125 चा कप्पा. जागतिक क्रमवारीत शंभराच्या आतबाहेर असलेल्या मुली इथे गुण गोळा करायला येतात. कारण शंभराच्या आत राहिलं की ग्रँड स्लॅमचं दार थेट उघडतं, नाहीतर आठवडाभर आधी जाऊन पात्रता फेरीत घाम गाळावा लागतो. बक्षिसाची रक्कम सगळी मिळून 1 लाख 15 हजार डॉलर. त्यातून विमान, हॉटेल, कोच आणि फिजिओ. उरलेल्यातून पुढच्या गावचं विमान. हे सगळं मला माझ्या भाच्याने लोकलमध्ये सांगितलं. चिन्मय तेव्हा सहावीत होता आणि ठाण्यात टेनिसच्या क्लासला जायचा.

त्याला घेऊन जायला माझीच निवड का झाली, हे सांगायला हवं. ताईच्या सासरी माझी ख्याती 'टेनिसवाला' अशी आहे. तिच्या लग्नाच्या बोलणीत आमच्या आईने 'धाकटा टेनिस खेळतो, दोन कप आहेत घरात' असं अभिमानाने सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. डोंबिवलीत आम्ही 'टेनिस' म्हणायचो ते टेनिस बॉलच्या क्रिकेटला. लेदरचा तो सीझन, बाकीचं टेनिस. ताईच्या सासऱ्यांनी मात्र मला पांढऱ्या हाफ पँटमध्ये, रॅकेट घेऊन वगैरे डोळ्यांसमोर आणलं, आणि तो गैरसमज दूर करण्याची घाई आमच्याकडे कुणालाच नव्हती. शिवाय माझं ऑफिस नरिमन पॉइंटला आणि एका क्लायंटकडून मला दोन पास मिळालेले. "मामाच घेऊन जाईल, त्याला त्यातलं कळतं," असं ठरलं.

ठाण्याहून निघाल्यावर दादर येईपर्यंत चिन्मयची शिकवणी चालू होती. बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानिया मिर्झाबरोबर रिओ ऑलिंपिक खेळलीय, त्याआधी एशियाडचं ब्राँझही दोघींनी मिळून आणलंय. अंकिता रैना मूळची अहमदाबादची, पण सराव पुण्यात करते. मी 'हो, हो' करत होतो. दादरला तो म्हणाला, "मामा, तुझी बॅकहँड एका हाताची की दोन हातांची?"

"परिस्थिती बघून," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. आदराने, असं मला तेव्हा वाटलं.

सीसीआयमध्ये शिरताना माझ्या डोळ्यांसमोर ब्रेबॉर्न स्टेडियम होतं. 1937 साली बांधलेलं, देखणं. जागावाटपावरून क्लब आणि क्रिकेट असोसिएशनचं भांडण झालं, म्हणून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. मुंबईत भांडण जागेवरूनच होणार, त्यात नवल नाही. माझी समजूत अशी की त्याच मैदानाच्या मधोमध पिचच्या जागी नेट बांधलेलं असणार आणि आपण पॅव्हिलियनमधून बघणार. मी दुर्बीणही घेतली होती. प्रत्यक्षात टेनिसची कोर्टं वेगळी, आणि बसायची जागा इतकी जवळ की खेळाडूच्या बुटाची लेस सुटलेली दिसावी. त्या अंतरावरून दुर्बीण लावली तेव्हा मला फक्त एक नाकपुडी दिसली.

हार्ड कोर्ट म्हणजे खाली डांबर किंवा काँक्रीट आणि वरून अ‍ॅक्रिलिकच्या रंगाचे थर. नोव्हेंबरातही मुंबईचं ऊन त्या रंगावर आपटून परत वर येतं आणि मधे सापडलेल्या माणसाला दोन्हीकडून भाजतं. त्या तव्यावर पोरी दोन-दोन तास धावत होत्या. मी सावलीत बसून पाण्याची दुसरी बाटली उघडली.

सुरुवातीला आम्ही बाजूच्या कोर्टावर दुहेरीचा सामना बघितला. एकीने सर्व्हिस करताना रेषेवर पाय दिला. मी उठून, हात आडवा करून ओरडलो, "नो बॉल!" ही प्रतिक्रिया माझ्या हाताची होती, डोक्याची नव्हे. अंपायरने खुर्चीवरून खाली बघितलं. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक पारशी गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्या दंडाला हळूच हात लावला आणि म्हणाले, "फूट फॉल्ट छे, दिकरा. बेस." मी बसलो. फ्री हिट कशी नाही, हे विचारायचं मी टाळलं.

मग तिने दुसरी सर्व्हिस नेटमध्ये घातली. डबल फॉल्ट. आपल्याला पॉइंट मिळाला म्हणून मी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या स्टँडमध्ये मी एकटाच. चिन्मय माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसला.

यानंतर तो बॉल आला. कुणाची तरी व्हॉली रॅकेटच्या काठाला लागली आणि बॉल उडून सरळ माझ्याकडे. मी दोन्ही हातांनी, पोटाशी धरून कॅच घेतला. छान कॅच होता, आजही सांगतो. खुशीत मी बॉल चिन्मयच्या दप्तरात टाकला. टेनिसमध्ये एका वेळी सहाच बॉल फिरत असतात, आणि ते आधी सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर बदलतात. म्हणजे सगळ्यांची झीज सारखी हवी, मधेच एक नवा आणला तर तो इतरांपेक्षा वेगळा उसळणार. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की खेळ थांबलाय, चौघीजणी कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत, आणि एक दहा-बारा वर्षांची बॉल गर्ल माझ्यासमोर हात पसरून उभी आहे. बॉल तिच्या हातात द्यायचा, एवढंच काम. पण दोन कप जिंकलेल्या माणसाकडून बॉल असा हातात दिला जात नाही. मी उभा राहिलो, कव्हरमधून स्टंपवर मारतात तसा सपाट थ्रो केला. तो नेटवरून, दोन खेळाडूंच्या मधून, अंपायरच्या डोक्यावरच्या छत्रीला लागला. छत्री हलली. अंपायर हलली नाही. तिने माइकमध्ये प्रेक्षकांना 'थँक यू' म्हटलं. मला उद्देशून इतकं थंड 'थँक यू' आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि मी सरकारी कार्यालयांत पुष्कळ फिरलोय.

तोंड लपवायला आम्ही मुख्य कोर्टाकडे सरकलो. बावाजीही तिकडेच आले आणि नेमके माझ्या शेजारी बसले. तिथे बेलारूसची एक एकोणीस वर्षांची मुलगी खेळत होती. उंच, रुंद खांद्यांची, डाव्या हातावर वाघाचं तोंड गोंदवलेलं. आरिना सबालेंका. समोर कोण होती ते मला आठवत नाही. बहुधा तिलाही तो सामना आठवायचा नसेल. सबालेंका बॉलला मारताना जी आरोळी ठोकायची ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी आधी खाली वाकलो आणि मग आजूबाजूला पाहिलं.

चिन्मय कानात सांगत होता. ही मुलगी गेल्याच महिन्यात तिआनजिनच्या फायनलमध्ये शारापोव्हाशी खेळली. दोन आठवड्यांपूर्वी मिन्स्कमध्ये फेड कपच्या फायनलला स्लोन स्टीफन्सला हरवून आलीय, यूएस ओपन जिंकलेल्या स्टीफन्सला. मी ऐकत होतो, पण माझं मत तयार झालं होतं. माझं मत नेहमी माहितीच्या आधी तयार होतं.

"ही टिकणार नाही," मी म्हणालो. जरा मोठ्याने, कारण 'नो बॉल'नंतर गेलेली पत परत मिळवायची होती. "प्रत्येक बॉल सिक्सला मारायला बघते. आमच्या इथे असे ओपनर खूप येऊन गेले. दोन ओव्हर. मग कॅच."

बावाजींनी चष्मा पुसला. "आ छोकरी टॉप टेनमां जशे."

"टॉप हंड्रेडमध्येसुद्धा राहणार नाही."

"लागी शर्त?"

"लागली."

त्यांनी खिशातून त्या दिवसाच्या सामन्यांचा कागद काढला, उलटा केला, त्यावर दोघांची विधानं सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली 'बेरी पुलाव, दोन प्लेट' असं घातलं आणि माझी सही घेतली. इतका व्यवस्थित कागद मी इन्शुरन्समध्ये असूनही कधी केला नाही.

आणि मग मला भूक लागली. चिन्मय जागचा हलायला तयार नव्हता. बावाजी म्हणाले, हूं बेठो छूं, तू जा. मी सँडविच घ्यायला गेलो. परत आलो तर दाराशी स्वयंसेवक मुलगी. "सर, चेंजओव्हरला सोडते." चेंजओव्हर म्हणजे दोघी बाजू बदलताना दीड मिनिट बसतात ती वेळ, त्यातच प्रेक्षकांनी ये-जा करायची. ठीक. मी उभा राहिलो. गेम संपला, टाळ्या झाल्या, मी पाऊल उचललं. "सर, आता नाही. इव्हन गेम झाला. बाजू बदलायची ती विषम गेमनंतर." पुन्हा उभा. मधे सेट संपला, त्या वेळी मी नेमका सँडविचमधली चटणी शर्टावरून पुसत होतो. दार उघडून बंद झालं. पुढच्या सेटचा पहिला गेम संपला. एक हा विषम आकडा आहे, एवढं गणित मला येतं; मी विजयी मुद्रेने पुढे झालो. "सर, पहिल्या गेमनंतर नुसती बाजू बदलतात, बसत नाहीत. नाही सोडता येणार."

नियम तिने केलेला नव्हता आणि ती अगदी गोड बोलत होती, म्हणून मला नीट चिडताही येईना. मी कनातीला टेकून सँडविच खाल्लं. आतून आधी आरोळी यायची, मग बॉलचा आवाज, मग स्कोअर. दुसऱ्या बाजूने बॉलचा आवाज परत येणं हळूहळू बंदच झालं. शेवटी मला आत सोडलं तेव्हा दोघी नेटपाशी हात मिळवत होत्या. भावी विश्वविजेतीचा सामना मी मोजके गेम पाहिला. बाकीचा ऐकला.

चिन्मयने एक फुटबॉलएवढा टेनिस बॉल आणला होता, सह्यांसाठी. खेळाडूंच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर मी त्याला घेऊन उभा राहिलो. एक उंच, सोनेरी केसांची, ट्रॅकसूटमधली बाई आली. चालण्यात काय रुबाब! मी पुढे झालो. तिने एकदा मागे वळून पाहिलं, आपल्यालाच विचारतायत ना याची खात्री केली आणि लाजत सही केली. मग मी चिन्मयला तिच्या शेजारी उभं करून फोटो काढायला लागलो. फ्रेममध्ये मागून कुणीतरी येत होतं. मी हाताने 'जरा बाजूला' अशी खूण केली आणि ती मुलगी निमूटपणे, रॅकेटची भली मोठी बॅग सावरत, कडेने निघून गेली. ती कोण होती हे मी शपथेवर सांगणार नाही. हातावर वाघ होता, एवढंच.

"मामा," चिन्मय म्हणाला, "ज्यांची सही घेतली त्या फिजिओ आहेत."

फायनलचेही पास होते. पण त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या टेनिसची फायनल होती. म्हणजे आमच्या टेनिसची. मी ओपनिंगला गेलो, पहिलाच बॉल सिक्सला मारायला गेलो आणि कॅच देऊन परत आलो. तिकडे सबालेंकाने स्लोव्हेनियाच्या दालिला याकुपोविचला 6-2, 6-3 असं हरवून मुंबई ओपन जिंकली. चिन्मयला त्याचे बाबा घेऊन गेले होते, ज्यांना टेनिसमधलं काही कळत नाही. त्याच्या त्या मोठ्या बॉलवर तिची सही आहे. फिजिओच्या सहीच्या बरोबर शेजारी.

पुढची वर्षं मी त्या मुलीवर नजर ठेवून होतो. भक्त ठेवतात तशी नव्हे, सावकार ठेवतो तशी. जानेवारी 2018 मध्ये मेलबर्नला ती पहिल्याच फेरीत अ‍ॅश बार्टीकडून हरली आणि तिथले प्रेक्षक तिच्या आरोळ्यांची नक्कल करत होते. मी घरात म्हणालो, बघा. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ती अकरावी होती. 2021 मध्ये दुसरी. पैज तर मी कधीच हरलो होतो. तरी 2022 च्या सुरुवातीला तिची सर्व्हिस पार हरवली, अ‍ॅडलेडमध्ये डबल फॉल्टवर डबल फॉल्ट करून शेवटी ती खालून सर्व्हिस करायला लागली, तेव्हा माझ्या जिवाला जो गारवा वाटला तो कबूल करायला हवा. ज्या पोरीने माझं काही बिघडवलं नव्हतं तिच्या डबल फॉल्टला मी दिवाणखान्यात टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्यांदा.

तिने काय केलं? शरीराच्या हालचालींचा अभ्यास असलेला गॅव्हिन मॅकमिलन नावाचा माणूस धरला आणि जगात पहिल्या दहांत असताना सर्व्हिस पहिल्यापासून शिकली. 2023 ला ऑस्ट्रेलियन ओपन, त्याच सप्टेंबरात पहिला नंबर. 2024 ला पुन्हा ऑस्ट्रेलियन आणि वर यूएस ओपन. 2025 ला पुन्हा यूएस ओपन, एकटीला पन्नास लाख डॉलर. चारही कप हार्ड कोर्टवरचे. प्रत्येक वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर चिन्मय काहीही न लिहिता फक्त तो फिजिओबरोबरचा फोटो टाकतो. फोटोच्या कडेला एक बॅग, अर्धा खांदा आणि माझा 'जरा बाजूला' म्हणणारा पंजा आहे.

मुंबई ओपन मधे काही वर्षं झाली नाही. 2024 पासून पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये कोईमतूरची माया राजेश्वरन नावाची पंधरा वर्षांची मुलगी पात्रता फेरीतून आली आणि एकेक करत थेट सेमीफायनलला पोहोचली. ऑफिसातून सीसीआय चालत दहा मिनिटं. मी ठरवून गेलो होतो: दुर्बीण नाही, सँडविच नाही, मत नाही. आत शिरल्यावर बॉल बॉय, बॉल गर्ल्स, पाणी देणारा पोरगा, दारावरची स्वयंसेवक मुलगी, सगळ्यांकडे मी आदराने पाहून हसलो. यांतलं कोण उद्या काय होईल सांगता येत नाही. एका उंच बाईची सहीसुद्धा घेतली. तीही फिजिओच निघाली, पण या वेळी मी तयारीत होतो.

बसायला गेलो तर पांढरी टोपी. केस पार पिकलेले, काठी पायाशी, पण नजर तीच. मी दुसरीकडे जागा शोधायला वळलो.

"पुलाव ठंडो थई गयो, दिकरा," मागून आवाज आला.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. दोन प्लेटच्या चार झाल्या, व्याजासकट, असं त्यांनी सांगितलं. मी मान्य केलं. कोर्टावर माया स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमनशी खेळत होती. टाइखमन डावखुरी, एके काळची एकविसावी, तिने पोरीला उभ्या कोर्टात नाचवलं. माया दोन सेटमध्ये हरली, पुढे स्पर्धाही टाइखमननेच जिंकली. पण मधेच मायाने पळता पळता एक फोरहँड रेषेला लागून असा काढला की टाइखमन नुसती बघत राहिली. अख्खं स्टँड उभं राहिलं. मीही राहिलो, आणि या वेळी टाळ्या बरोबर वाजवल्या.

तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खाली बसता बसता मी म्हणालो, "पोरगी चांगली आहे हो. पण..."

बावाजींनी सामन्यांचा कागद आधीच उलटा केला होता. पेनचं टोपण काढत त्यांनी विचारलं, "आ वखते सली बोटी राखिये?"